प्रबंधापासून पेढीपर्यंत : लघुउद्योगांच्या संशोधनास मिळणारे शासकीय अनुदान

विद्यापीठीय संशोधनाची परिणती सामान्यतः प्रबंधात होते. प्रबंध परीक्षकांकडून मान्य होतो, त्याची एक प्रत ग्रंथालयात जाते, आणि त्यातून निघालेला विचार पुढच्या संशोधकाच्या हाती पडेपर्यंत तेथेच राहतो. ज्ञानाच्या दृष्टीने यात गैर काही नाही. परंतु काही संशोधन असे असते की, त्याचे सार्थक ग्रंथालयाबाहेरच व्हावयाचे असते. एखादे औषध, एखादे मोजमापाचे यंत्र, अथवा आपल्या शास्त्रापुरते बोलावयाचे तर मराठी वाक्य ऐकून ते अचूक लिहून घेणारी एखादी संगणकीय प्रणाली, ही प्रयोगशाळेत सिद्ध झाली तरी लोकांच्या हाती पडत नाही तोवर अपुरीच होय. ही वाट चालून जाण्याचे काम बहुधा लहान उद्योगांकडे येते. आणि त्या वाटेवर शासनाने कोणत्या प्रकारे हात द्यावा, या प्रश्नाचा गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे अनेक देशांत पद्धतशीर विचार झालेला आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यवस्था मुख्यत्वे विचारात घेतली असून, शेवटी आपल्याकडील स्थितीचा आणि भाषेच्या अभ्यासकाला पडणाऱ्या एका प्रश्नाचा परामर्श घेतला आहे.

१. शब्दांचा विचार

आरंभी ‘अनुदान’ या शब्दाचा अर्थ निश्चित करून घेणे इष्ट आहे, कारण पुढील विवेचनातील बरेचसे गोंधळ शब्दांच्या गोंधळातूनच जन्म पावतात. शासनाने प्रजेला द्रव्य देण्याचे जे प्रकार मराठीला पूर्वापार ठाऊक आहेत, त्यांपैकी दोन येथे उपयोगी पडतील. एक तगाई. शेतकऱ्याला बी-बियाणे, बैल किंवा विहीर यांसाठी सरकारातून मिळणारी ही रक्कम परत करावयाची असते. हा शब्द बळ देणे या अर्थाच्या अरबी शब्दापासून आलेला आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दुसरा प्रकार इनाम. हा शब्दही मूळचा अरबी. इनाम परत करावयाचे नसते, परंतु ते बहुधा झालेल्या सेवेबद्दल मिळते. तगाईची दृष्टी भविष्याकडे असते, पण तिच्यात फेडीचे बंधन असते. इनामात फेड नसते, पण त्याची दृष्टी भूतकाळाकडे असते.

संशोधनासाठी दिले जाणारे अनुदान या दोहोंहून भिन्न होय. ते अद्याप न झालेल्या कामासाठी दिले जाते, आणि काम ठरल्याप्रमाणे प्रामाणिकपणे करूनही फळास आले नाही, तरी ते परत मागितले जात नाही. शिवाय खाजगी भांडवलदार ज्याप्रमाणे पैशाच्या मोबदल्यात उद्योगाच्या मालकीचा काही अंश घेतो, तसा अंशही शासन घेत नाही. अर्थात् अपयशाची शक्यता जाणूनबुजून स्वीकारून दिलेले द्रव्य, असा अनुदानाचा या संदर्भातील अर्थ आहे. हा अर्थ नजरेआड झाला की अनुदानाची योजना नकळत तगाईच्या किंवा इनामाच्या वाटेने जाऊ लागते. मग ते एकतर फेडीची हमी देऊ शकणाऱ्यालाच मिळते, किंवा ज्याचे नाव आधीच झालेले आहे त्याच्याकडे जाते. आणि ज्याच्यासाठी ते योजिले तो नवखा संशोधक दाराबाहेर राहतो.

२. शासनाने द्रव्य का द्यावे?

कल्पना खरोखरच लाभदायक असेल तर बाजारातील भांडवल तिच्याकडे आपोआप का येत नाही, हा आक्षेप स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर अर्थशास्त्रज्ञांनी दिलेले आहे. रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ साली आणि केनेथ ॲरो यांनी १९६२ साली लिहिलेले निबंध या विषयात पायाभूत मानले जातात. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा की, ज्ञान ही वस्तू धान्यासारखी किंवा कापडासारखी नाही. संशोधन करणाऱ्याला त्याचा सर्व लाभ स्वतःकडे राखता येत नाही; त्यातील बराच भाग इतरांकडे झिरपतो. त्यामुळे समाजाच्या दृष्टीने जितके संशोधन व्हावयास हवे, तितके खाजगी हिशेबात परवडत नाही.

ॲरो यांनी दाखविलेली दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. माहिती विकत घेणाऱ्याला तिची किंमत ठरविण्यासाठी ती आधी जाणून घ्यावी लागते. आणि एकदा जाणून घेतली की ती विकत घेण्याचे कारणच उरत नाही. लहान उद्योजकाची कुचंबणा नेमकी येथे होते. आपली कल्पना सांगितली नाही तर भांडवलदाराचा विश्वास बसत नाही. सांगितली तर ती हातची जाण्याचे भय. मोठ्या उद्योगसमूहाला हा प्रश्न फारसा जाचत नाही, कारण तो स्वतःच्या नफ्यातून स्वतःचे प्रयोग चालवू शकतो. लहान उद्योगापाशी असा नफा नसतो, तारण ठेवण्यासारखी मालमत्ताही नसते. म्हणून कल्पना सिद्ध झाली आहे पण वस्तू तयार झालेली नाही, या मधल्या टप्प्यावर तो अडतो. या टप्प्याला तज्ज्ञांनी ‘मृत्यूची दरी’ असे नाव दिलेले आहे. नाव काहीसे नाटकी असले, तरी वस्तुस्थिती त्यातून यथार्थ व्यक्त होते.

३. संघशासनाची योजना

या विचाराला संस्थात्मक रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन या संस्थेत झाला. तेथील अधिकारी रोलंड टिबेट्स यांच्या पुढाकाराने १९७७ साली लघुउद्योगांसाठी संशोधन-अनुदानाची एक टप्प्याटप्प्यांची पद्धत सुरू झाली. तिचे यश पाहून अमेरिकेच्या काँग्रेसने १९८२ साली कायदा केला आणि ही पद्धत संघशासनाच्या इतर खात्यांना लागू केली. तीच ‘स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च’, संक्षेपाने एसबीआयआर, ही योजना होय.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. या योजनेसाठी निराळा निधी उभारण्यात आला नाही. ज्या खात्यांचा बाहेरच्या संस्थांकडून करवून घ्यावयाच्या संशोधनावरील वार्षिक खर्च १० कोटी डॉलरांहून अधिक आहे, त्यांनी त्या खर्चाचा ठराविक हिस्सा लघुउद्योगांसाठी राखून ठेवावा, असे बंधन घालण्यात आले. आरंभी हा हिस्सा शेकडा ०.२ इतका अल्प होता. तो पुढे १.२५, १९९२ च्या कायद्यान्वये २.५ आणि २०११ च्या कायद्यान्वये ३.२ इतका वाढविण्यात आला. लघुउद्योग म्हणजे ५०० पर्यंत नोकरवर्ग असलेला, नफ्यासाठी चालणारा उद्योग, अशी मर्यादा आहे. आपल्या कल्पनेप्रमाणे हा उद्योग लहान खचितच नव्हे. परंतु प्रत्यक्षात अर्ज करणाऱ्यांत अगदी मोजक्या माणसांच्या पेढ्याही असतात.

योजनेचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात कल्पना शक्य कोटीतील आहे किंवा नाही एवढेच तपासावयाचे असते. त्यासाठी बहुधा सहा महिने ते एक वर्ष इतका अवधी मिळतो. हा टप्पा यशस्वी झाल्यास दुसऱ्या टप्प्यात सुमारे दोन वर्षे प्रत्यक्ष नमुना तयार करावयाचा. २०११ च्या कायद्यात या दोन टप्प्यांसाठी अनुक्रमे १,५०,००० आणि १०,००,००० डॉलर अशी मार्गदर्शक मर्यादा होती. पुढे महागाईच्या मानाने ती वाढत गेली. तिसरा टप्पा बाजारपेठेचा. त्यासाठी या योजनेतून पैसा मिळत नाही. मात्र आधीच्या टप्प्यांतून निघालेली वस्तू शासकीय खात्याला हवी असल्यास ते नव्याने स्पर्धा न घेता ती त्याच उद्योगाकडून घेऊ शकते. ही सवलत वरवर किरकोळ वाटते, परंतु नव्या उद्योगाला पहिला गिऱ्हाईक मिळणे ही पहिल्या अनुदानाइतकीच मोलाची गोष्ट असते.

१९९२ साली या योजनेला ‘स्मॉल बिझनेस टेक्नॉलॉजी ट्रान्सफर’ या दुसऱ्या योजनेची जोड मिळाली. तिच्यात लघुउद्योगाने विद्यापीठासारख्या संशोधनसंस्थेबरोबर काम करणे अनिवार्य आहे. कामाचा किमान शेकडा ४० भाग उद्योगाने आणि किमान शेकडा ३० भाग संशोधनसंस्थेने करावयाचा, आणि बौद्धिक संपदेवरील हक्कांची वाटणी लेखी कराराने ठरवावयाची, असा दंडक आहे. याच्या आधी १९८० साली झालेल्या बे-डोल कायद्याने, शासकीय पैशातून लागलेल्या शोधाचे स्वामित्व विद्यापीठांना आणि लघुउद्योगांना आपल्याकडे ठेवण्याची मुभा दिली होती. ही पार्श्वभूमी नसती तर पुढील दोन्ही योजनांना आजचे रूप आले नसते.

येथे एक सावधगिरीची नोंद करणे अवश्य आहे. या योजना कायमच्या नाहीत. काँग्रेस त्यांना ठराविक मुदतीपुरती मान्यता देते. २०२२ साली दिलेली मुदत ३० सप्टेंबर २०२५ रोजी नवा कायदा होण्यापूर्वीच संपली. चार दशके चाललेली व्यवस्थाही एका तारखेवर अवलंबून असते, हे लहान उद्योगाने विसरू नये. कारण मोठ्या संस्थेला काही महिन्यांचा खंड सोसतो, चार माणसांच्या पेढीला तो सोसत नाही.

४. घटकराज्यांची भर

संघशासनाच्या या व्यवस्थेत दोन उणिवा राहून जातात. पहिला टप्पा संपून दुसऱ्या टप्प्याचा पैसा हाती येईपर्यंत मध्ये रिकामा काळ जातो. त्या काळात कामावरील माणसांना पगार कोठून द्यावयाचा? दुसरे असे की, संघशासनाचा पैसा मुख्यतः संशोधनावर खर्च व्हावा अशी अपेक्षा असते. बाजारपेठेची पाहणी, गिऱ्हाइकांचा शोध इत्यादी कामांना त्यातून फारसा आधार मिळत नाही. शिवाय या अनुदानाचा मोठा वाटा कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स यांसारख्या आधीच संपन्न राज्यांकडे जातो, ही इतर राज्यांची तक्रार आहे.

म्हणून अनेक घटकराज्यांनी जोड-अनुदानाची पद्धत स्वीकारली. तिचे तत्त्व साधे आहे. ज्या उद्योगाला संघशासनाचे अनुदान मिळाले, त्याला राज्यही आपल्याकडून काही रक्कम देते. नॉर्थ कॅरोलायना राज्याने २००५ साली आणि केंटकी राज्याने २००६ साली अशा योजना सुरू केल्या. केंटकीने आणखी एक पाऊल पुढे टाकले. परराज्यातील विजेता उद्योग केंटकीत स्थलांतर करावयास तयार असेल, तर त्यालाही हे अनुदान खुले ठेवले.

या पद्धतीत राज्याला एक मोठी सोय आहे. अर्जांची शास्त्रीय छाननी संघशासनाच्या तज्ज्ञांनी आधीच केलेली असते. राज्याला स्वतंत्र परीक्षकमंडळ नेमावे लागत नाही. परंतु या सोयीतच तिची मर्यादाही आहे. निवड संघशासनाची असल्यामुळे, ज्या विषयांत संघशासनाच्या खात्यांना रस नाही, ते विषय राज्याच्या गरजेचे असले तरी बाहेर राहतात. राज्याला स्वतःचे प्राधान्य असेल तर स्वतःची परीक्षणपद्धती उभारण्याचा त्रास त्याने घेतलाच पाहिजे.

५. फलश्रुतीचा पडताळा

अशा अनुदानाचा उपयोग होतो की नाही, हे सांगणे दिसते तितके सोपे नाही. अनुदान मिळालेले उद्योग भरभराटीस आले, एवढ्यावरून ती भरभराट अनुदानामुळे झाली असे म्हणता येत नाही. कदाचित् ते उद्योग मुळातच गुणी असतील आणि म्हणूनच निवडले गेले असतील. कार्य आणि कारण यांची गाठ सोडविणे हेच येथील संशोधकांचे मुख्य कर्तव्य ठरते.

या संदर्भात तीन अभ्यास उल्लेखनीय आहेत. जॉश लर्नर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनुदान मिळालेले उद्योग इतर तत्सम उद्योगांपेक्षा दशकभरात अधिक वाढल्याचे दिसले. परंतु ही वाढ ज्या भागांत साहसी भांडवलाचा व्यवहार आधीपासून चालू होता तेथेच आढळली, आणि एकाच उद्योगाला वारंवार अनुदान मिळाल्याने वाढीत भर पडली नाही. उलट, स्कॉट वॉलस्टेन यांनी २००० साली असा निष्कर्ष काढला की, शासनाचा पैसा मिळताच उद्योगांनी संशोधनावरचा आपला स्वतःचा खर्च तेवढ्याच प्रमाणात कमी केला. सॅब्रिना हॉवेल यांनी २०१७ साली अमेरिकेच्या ऊर्जाखात्याच्या अनुदानांची अधिक काटेकोर तपासणी केली. अर्जांच्या गुणानुक्रमात निवडीच्या रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या उद्योगांची त्यांनी तुलना केली. कारण अशा दोघांच्या गुणवत्तेत फारसा फरक नसतो, फरक असतो तो केवळ अनुदान मिळण्या-न मिळण्याचा. त्यांना असे आढळले की, पहिल्या टप्प्याच्या अनुदानाने पुढे साहसी भांडवल मिळण्याची शक्यता शेकडा सुमारे १० वरून सुमारे १९ पर्यंत जाते. दुसऱ्या टप्प्याच्या मोठ्या रकमेचा मात्र तसा परिणाम दिसत नाही. आणि हा परिणाम शासनाच्या शिक्क्यामुळे होत नसून, मिळालेल्या पैशातून नमुना तयार करता आल्यामुळे होतो.

या तिन्ही निष्कर्षांचा एकत्र विचार केल्यास एक बोध निघतो. रक्कम मोठी असण्यापेक्षा ती आरंभी, नेमक्या अडलेल्या जागी मिळणे अधिक महत्त्वाचे. अनेक नवख्यांना लहान रकमा देणे हे थोड्या सरावलेल्यांना मोठ्या रकमा देण्यापेक्षा बहुधा श्रेयस्कर होय. सरावलेल्यांचा धोका काल्पनिक नाही. केवळ अनुदानावर अनुदान मिळवीत राहणारे, पण बाजारात काहीही न आणणारे उद्योग अमेरिकेत निर्माण झाले, आणि त्यांना आळा घालण्यासाठी २०११ च्या कायद्यात कामगिरीचे निकष समाविष्ट करावे लागले.

६. भाषाविज्ञानाशी संबंध

हा सर्व विषय आपल्या विभागाच्या कक्षेबाहेरचा आहे, असे कोणास वाटेल. म्हणून एक उदाहरण देतो. संगणकाला विषाणूंपासून वाचविणाऱ्या साधनांमुळे सिमँटेक या कंपनीचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले. परंतु १९८२ साली गॅरी हेंड्रिक्स यांनी ती स्थापिली तेव्हा तिचा पाया भाषेच्या संशोधनाचा होता. माणसाने साध्या इंग्रजी वाक्यात प्रश्न विचारावा आणि संगणकाने माहितीसंग्रहातून उत्तर शोधून द्यावे, या विषयावर हेंड्रिक्स यांनी पूर्वी काम केले होते. आणि कंपनीच्या आरंभीच्या कामास नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानाचा आधार मिळाला. १९८५ साली ‘क्यू अँड ए’ हे त्यांचे उत्पादन बाजारात आले. त्यात वाक्यविश्लेषणावर आधारलेला, इंग्रजी प्रश्न समजून घेणारा भाग होता. कंपनीला खरी संपन्नता मात्र पुढे निराळ्याच मालातून आली.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, वाक्यरचनेच्या अभ्यासासारखे वरकरणी निरुपयोगी वाटणारे संशोधन पेढीच्या फळीवर विकण्याजोगी वस्तू होऊ शकते. दुसरी, अनुदानाचे फळ ज्या झाडाला लागेल अशी अपेक्षा असते, त्यालाच ते लागते असे नाही. म्हणून केवळ मूळ वस्तूच्या विक्रीवरून अनुदानाचा हिशेब मांडणे अन्यायाचे होते.

७. आपल्याकडील स्थिती

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ साली सुरू केलेल्या योजनेचे ‘स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च इनिशिएटिव्ह’ हे नावच तिचा आदर्श कोणता ते सांगते. तिच्या मूळ रचनेत आरंभीच्या टप्प्याला अनुदान आणि पुढच्या टप्प्याला अल्पव्याजी कर्ज अशी योजना होती. म्हणजे आपल्या परिभाषेत अनुदान आणि तगाई यांचा हा संयोग म्हणावा लागेल. २०१२ साली ‘बायरॅक’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या ‘बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट’ या योजनेत आरंभीच्या कल्पनेला १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली, आणि पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटर ही तिच्या भागीदार संस्थांपैकी एक झाली. राज्यांपैकी कर्नाटकाने २०१७ साली ‘एलिव्हेट’ या नावाने ५० लाख रुपयांपर्यंतच्या अनुदानाची स्पर्धा सुरू केली. महाराष्ट्राने निराळा मार्ग धरला. राज्य नाविन्यता सोसायटीच्या २०१८ पासूनच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या उद्योगांना १५ लाख रुपयांपर्यंतचे शासकीय कामाचे आदेश देण्याची पद्धत पडली. हे अनुदान नव्हे, गिऱ्हाइकी होय. वर उल्लेखिलेल्या तिसऱ्या टप्प्याशी तिचे नाते आहे.

भाषाविषयक संशोधनाची कथा थोडी वेगळी आहे. भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानविकासाचा केंद्रीय कार्यक्रम १९९०-९१ च्या सुमारास सुरू झाला. पुण्याच्या सी-डॅकमध्ये भारतीय लिप्यांसंबंधी मौलिक काम झाले. २०२२ साली ‘भाषिणी’ हा उपक्रम आला. हे सर्व प्रामुख्याने शासकीय संस्थांच्या द्वारे झालेले कार्य आहे. मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाखांवर होती. इतक्या मोठ्या समाजासाठी अंध विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तक वाचून दाखविणारे, किंवा तालुक्याच्या कचेरीतील अर्ज बोलण्यावरून लिहून घेणारे साधन करणे हे शास्त्रदृष्ट्या शक्य आहे. परंतु ज्यांना त्याची सर्वाधिक गरज, त्यांची खर्च करण्याची शक्ती सर्वांत कमी. म्हणून बाजाराचा हिशेब तेथे जुळत नाही. ॲरो यांच्या युक्तिवादाला याहून समर्पक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

८. करारातील तिसरा पक्ष

शेवटी ज्या प्रश्नाचा निर्देश आरंभी केला, त्याकडे वळू. शासन, उद्योग आणि विद्यापीठ यांचे हक्क करारात लिहिले जातात. औषधाच्या किंवा यंत्राच्या बाबतीत बहुधा तेवढे पुरते. परंतु भाषेच्या संशोधनाचा कच्चा माल म्हणजे बोलणाऱ्या माणसांचे बोलणे. क्षेत्रकार्यासाठी गेलेल्या विद्यार्थ्याला एखादी वृद्ध स्त्री ओवी म्हणून दाखविते, एखादा गुराखी आपल्या बोलीतील झाडांची नावे सांगतो. हे ते विश्वासाने देतात; आणि ‘अभ्यासासाठी’ एवढेच त्यांना सांगितलेले असते. तेच ध्वनिमुद्रण पुढे अनुदानाच्या साहाय्याने विक्रीच्या वस्तूत गेले, तर मूळ संमती त्याला लागू पडते काय? माझ्या मते पडत नाही.

यावरचा उपाय व्यापाराकडे पाठ फिरविणे हा नव्हे. तसे केल्याने ती वृद्धा आणि तो गुराखी यांच्या बोलीला यंत्रयुगात स्थानच उरणार नाही, आणि जे साधन होईल ते केवळ शहरी, ग्रांथिक मराठीचे होईल. उपाय असा की, संमती घेतानाच अभ्यास आणि व्यापारी उपयोग यांची स्वतंत्र विचारणा व्हावी; ती बोलणाऱ्याला समजेल अशा भाषेत व्हावी; आणि उद्योगाशी करार करताना विद्यापीठाने त्या भाषकसमुदायाला काय परत मिळेल याचे एक कलम त्यात घालावे. ते परत मिळणे द्रव्यरूपच असावे असे नाही. त्यांच्या बोलीतील साधन त्यांना विनामूल्य मिळणे हेही त्यात येते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या विषयाकडे लक्ष द्यावे, असे सुचविण्याचे कारण हेच आहे. तुमच्यापैकी काहीजण उद्या अशा अनुदानासाठी अर्ज लिहाल, काही अशा उद्योगांत नोकरीस जाल, तर काही परीक्षक म्हणून अशा अर्जांवर मत द्याल. अर्ज लिहिणाऱ्याने आपले काम नेमके कोठे अडले आहे हे सांगावे, सर्वच कामासाठी पैसा मागू नये. परीक्षकाने अर्जदाराचा लौकिक न पाहता त्याचा प्रश्न पाहावा. आणि या तिन्ही भूमिकांत, आपल्या वहीत ज्यांचे शब्द उतरले आहेत त्यांचा हिशेब करारावर सही होण्यापूर्वीच मांडावा. कारण सही झाल्यावर तो मांडण्याचा अधिकार बहुधा आपल्याकडे राहत नाही.